तळाची खिडकी

माझ्या बायकोच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी श्वास घेत होतं, आणि त्या श्वासाचा आकडा माझ्या खिशातल्या फोनवर दिसत होता. सकाळी डोळे उघडले की मी आधी तो आकडा बघत असे, मग तिच्याकडे.

उज्ज्वलाचा गुडघा वर्षापूर्वी बदलला. आठ महिने ती काठीशिवाय स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत हिंडली, आणि मग एका सकाळी गुडघा लाल होऊन तापला. मूळची शस्त्रक्रिया डॉ. निलोफर मुजावर यांची. त्यांनीच सांधा पुन्हा उघडून आतून धुतला आणि त्यातली प्लास्टिकची चकती बदलली. नव्या चकतीवर केसाहून पातळ असा सोन्याचा वर्ख होता. त्या वर्षी असे वर्ख नुकतेच मिरजेत आले होते.

"नव्वद दिवस औषध चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर आकडा चाळीसच्या आसपास राहिला, तर गुडघा वाचला. शंभरावर जाऊन तिथेच टिकला, तर मला सगळं काढावं लागेल. आणि काकूंचं हृदय पाहता दुसरा सांधा बसवायचं धाडस मी करणार नाही. पाय कायमचा सरळ राहील, वाकणार नाही."

"कसला आकडा?" मी विचारलं. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. मी छत्तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयाचा ग्रंथपाल होतो. पण पुस्तकं फळीवर लावणं वेगळं आणि ती कळणं वेगळं.

"जंतूंच्या श्वासाचा. हेर्लेकर काका, तुम्ही पाण्याची टाकी कधी धुतलीय?"

"धुतो. दर चार महिन्यांनी."

"भिंतीला बुळबुळीत लागतं ना? तो जंतूंचा थर. सुटे जंतू औषधाने मरतात, पण एकमेकांना चिकटून असा थर केला की ते चिवट होतात. मात्र थराची एक अडचण असते. वरच्या जंतूंना प्राणवायू मिळतो, तळाच्यांना मिळत नाही. आता श्वास म्हणजे काय? चूल पेटली की राख होते. राख काढली नाही, तर चूल विझते. पेशी अन्न जाळते तेव्हा तिच्याकडे इलेक्ट्रॉन साठतात, ती तिची राख. प्राणवायू ही राख उचलून नेतो. तळाशी प्राणवायूच नाही, मग राख उचलणार कोण?"

उज्ज्वला म्हणाली, "पाटीत भरून वर पाठवत असतील."

डॉक्टर हसल्या. "अगदी बरोबर, काकू. हे जंतू एक निळसर रंगद्रव्य तयार करतात. त्याचे कण म्हणजे पाट्या. तळाशी राख भरून घ्यायची, थरातून वर यायचं, प्राणवायूपाशी रिकामं व्हायचं आणि परत खाली जायचं. तळाचे जंतू असे दुसऱ्याच्या हातून श्वास घेतात. या पाट्यांची थोडी राख आपला वर्ख पकडतो. जेवढी राख, तेवढा प्रवाह, तेवढा आकडा."

वर्खाला बाहेरून वीज पुरवायला आणि आकडा वाचायला गुडघ्याभोवती बांधायचा एक पट्टा मिळाला. सोबत अडतीस पानांची पुस्तिका. पट्टा सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं बांधायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण पट्ट्यावर एक दुसरंही बटण होतं. त्याच्यावर लिहिलं होतं, 'सतत'.

मी ते दाबलं.

माझा स्वभावच तसा. परत आलेल्या पुस्तकाची पानं मोजल्याशिवाय मी ते कधी फळीवर ठेवलं नाही. विद्यार्थी ब्लेडने पानं कापून नेत. पुस्तक बाहेरून तसंच दिसे आणि आतून गेलेलं असे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाच मिनिटांमध्ये जवळजवळ बारा तास मोकळे राहत होते. त्या बारा तासांत आत काय चालतं, हे कोण सांगणार?

पुस्तिका मात्र मी पूर्ण वाचली. हातात पेन्सिल घेऊन, रेघा मारत.

उज्ज्वलाला पट्टा आवडत नसे. तो कोमट राही आणि आतून बारीक गुणगुणत असे. "भिंतीपलीकडे कुणीतरी कान लावून बसल्यासारखं वाटतं," ती म्हणे. मी म्हणे, "थोडे दिवस." मग ती पेपर तोंडासमोर धरी.

तिचं सगळं करायला वैजंता येई. पन्नाशीची, कृष्णाघाट रस्त्याकडची, दारात शिरायच्या आधीच तिचा आवाज घरात शिरायचा. उज्ज्वलाला 'आक्का' म्हणायची, मला 'मास्तर'. जखमेची पट्टी बदलणं, पायाचे व्यायाम, तेल, अंघोळ सगळं तिच्याकडे. घरी दोन म्हशी होत्या, त्यांचं उरकून अकराला यायची. पहिल्या दिवशी मी तिला हात धुवायचा साबण दाखवला. दुसऱ्या दिवशीही दाखवला.

"मास्तर, उद्या साबण दावू नगासा," ती म्हणाली. "त्येची आनि माझी आता वळख झालीया."

दुपारी बारा ते तीन मी सार्वजनिक वाचनालयात जात असे. ती माझी एकुलती एक चैन. तिथे बसून फोनवर आलेख उघडायचा आणि रेघेकडे बघत राहायचं. आलेखात मला पहिल्यांदा 'ते' दिसलं, ते तिसऱ्या आठवड्यात.

साडेबारा ते पावणेतीन रेघ अगदी शांत. पट्टीने आखल्यासारखी. आणि मग तीनच्या सुमारास उभी उडी! तेहेतीसवरून एकशे दहा. अर्धा-पाऊण तासात पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच.

मी वहीत तारखा मांडल्या. गुरुवारी वैजंता मालगावला लेकीकडे जाई. गुरुवारी उडी नव्हती. मागचे दोन गुरुवार पाहिले. नव्हती. मधे एकदा सोमवारी तिने सुट्टी घेतली होती. त्या सोमवारीही नव्हती.

मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल खात्रीने बोललो असेन. दुकानात मोड मोजून घेतल्यावरही दारातून परत जाऊन विचारणारा माणूस मी. पण हा कागद बघून मला खात्री वाटली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मग इतरही गोष्टी दिसू लागल्या. मी खोलीत शिरलो की दोघींचं बोलणं थांबे. वैजंताच्या पिशवीत एक गाठ मारलेला रुमाल असे, तो ती उज्ज्वलाच्या उशाशी ठेवी आणि जाताना उचली. एकदा मी वाचनालयातून दीडलाच परत आलो, तर खोलीला आतून कडी.

"कोण हाय?" आतून वैजंता.

"मी."

काहीतरी खळकन वाजलं. कुजबुज झाली. बऱ्याच वेळाने कडी निघाली. उज्ज्वला पलंगावर, पायावर चादर, चेहरा लाल झालेला. "अहो, आज लवकर?" ती म्हणाली. मला वाटलं, ती रडत असावी. आता वाटतं, ती हसत होती.

त्या संध्याकाळी पलंगाखाली मला काचेचा एक तुकडा मिळाला. हिरवा, बांगडीचा. उघड्या जखमेच्या खोलीत काच! मी तो कागदात गुंडाळून वहीत ठेवला, आणि त्यावर तारीख घातली.

पुढच्या शनिवारी उज्ज्वलाला डोळा लागला असताना मी वैजंताला फाटकापाशी गाठलं. बोलायला जमेना, म्हणून फोन पुढे केला.

"हे बघा. ही उडी. तुम्ही येता तेव्हाच होते."

तिने फोन हातात घेतला नाही. "मला ह्यातलं काय कळत न्हाई, मास्तर."

"तुमच्या हातून... म्हणजे म्हशींचं वगैरे... जाणूनबुजून नाही म्हणत मी."

"पर म्हंताय." ती माझ्याकडे बघत राहिली. "खोलीत काय करतो आमी, ते आक्कास्नी इचारलं?"

"तुम्ही सांगा."

तिने पदराने हात पुसले, दोन्ही बाजूंनी, सावकाश. "मी शब्द दिलाय कुणाला तरी. उद्यापास्नं येत न्हाई. आक्कास्नी काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा."

मी उज्ज्वलाला सांगितलं, की वैजंताला दुसरीकडे जास्त सोयीचं काम मिळालं, म्हणून ती गेली.

"न सांगता?" उज्ज्वला म्हणाली.

"घाईत होती."

उज्ज्वलाने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती वैजंताचं नाव निघालं की विषय बदलू लागली. वाचनालयात जाणं मी बंद केलं. पट्टी मी बदलत होतो, व्यायाम मी घेत होतो, हात कोपरापर्यंत धूत होतो. आणि उड्या थांबल्या. एकही नाही. मला वाटलं, आयुष्यात एक निर्णय तरी बरोबर घेतला.

मग आकडा चढायला लागला.

छत्तीस. एकेचाळीस. सत्तेचाळीस. उडी कुठेच नाही, नुसती हळूहळू वर जाणारी रेघ, घाटातल्या रस्त्यासारखी. मी म्हटलं, तिने जाताना मागे ठेवलेले जंतू असणार. नळाच्या पाण्यावर संशय घेतला. औषधाच्या गोळ्या बनावट असतील म्हणून दुसऱ्या दुकानातून आणल्या. ड्रेसिंगच्या कापसावर, शेवटी स्वतःच्या नखांवर संशय घेतला आणि ती रक्त येईपर्यंत कापली. बारा दिवसांत आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला.

"किती झाला?" उज्ज्वलाने विचारलं.

"ठीक आहे."

"तुम्ही माझ्याशी बोलतच नाही हल्ली. माझ्या गुडघ्याशी बोलता."

त्या दिवशी मी वही घेऊन बसलो आणि जुने आलेख नव्यांशेजारी ठेवले. पानं मोजायची सवय कामी आली. नव्या आलेखांतून उडी गेली होती हे मला माहीत होतं. पण आणखीही काहीतरी गेलं होतं. साडेबारा ते पावणेतीनची ती सरळ रेघ. आताची दुपारची रेघ थरथरत होती, श्वासासोबत, कुशी बदलण्यासोबत. जिवंत माणसाची रेघ अशीच असते. मग आधीची रेघ कुणाची होती?

मी पलंगाशी जाऊन बसलो. "उज्ज्वला, वैजंता आपणहून गेली नाही. मी तिला काढलं."

ती उठून बसली. इतक्या वेगाने बसू नये, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

"का?"

मी सांगितलं. उडी, गुरुवार, कडी, काच. तो कागदात गुंडाळलेला तुकडाही दाखवला. तिने तो तळहातावर घेतला.

"काचापाणी खेळायचो आम्ही," ती म्हणाली. "पाट मांडून, पलंगावर. बांगड्यांचे तुकडे पसरायचे आणि दुसरा न हलवता एकेक काढायचा. ती रुमालात घेऊन यायची. सहावीत असताना शेवटचं खेळले होते मी."

"मग कडी कशाला?"

तिने तुकडा मुठीत मिटला. "पट्टा काढायचो ना. तुम्ही गेलात की. तिला मी शपथ घातली होती, मास्तरांना सांगायचं नाही म्हणून. दोन-अडीच तास तरी माझ्या पायाला कान नकोत, असं वाटायचं हो. तुम्ही यायच्या आधी परत बांधायची ती."

मी पुस्तिका काढली. पान एकोणीस: पट्टा सुटल्यास रुग्णाने घाबरू नये म्हणून आलेख शेवटचाच आकडा पुढे नेतो. सरळ रेघ म्हणजे सुटलेला पट्टा. मग आणखी पुढे गेलो, पान एकतीस. 'सतत पद्धत अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक वापरू नये.' त्या वाक्याखाली माझ्याच पेन्सिलची रेघ होती. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'बॅटरी वाचवण्यासाठी असावे.'

तसाच रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही पाहिली, आलेख पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती दिवस सतत?"

"सत्तेचाळीस."

"काका, वर्ख नुसता ऐकत नाही. ऐकायचं म्हणजे त्याला राख घ्यावी लागते. पाच मिनिटं घेतली तर काही बिघडत नाही. पण थर वर्खावर वाढतो, म्हणजे वर्ख थराच्या तळाशी आहे. जिथे श्वास कोंडून ते जंतू एरवी अर्धमेले झाले असते, नेमकं तिथेच..."

"आपण खिडकी उघडून दिली," मी म्हणालो. "मी."

"हो. पाट्या वरपर्यंत न्यायची गरजच राहिली नाही. थर जाड होत गेला, आणि जाड थरात औषध पोचत नाही."

"आणि ती उडी?"

"खिडकी दोन-अडीच तास बंद राहिली की राख साठते. पाट्या भरून थांबलेल्या असतात. पट्टा परत बांधला की सगळ्या एकदम रिकाम्या होतात. उडी म्हणजे कोंडलेला श्वास, काका. दुपारचे ते दोन-अडीच तास जंतू गुदमरत होते. बहुधा त्यामुळेच आकडा महिनाभर पस्तीसच्या पुढे गेला नाही. चूक माझीही आहे. ते बटण घरी नेणाऱ्या पट्ट्यावर असायलाच नको होतं. आणि कारण न सांगता नियम छापायचा नसतो."

मी तरी कारण छापलेलं असतं तर मानलं असतं का? ठाऊक नाही. त्यावरही शंका काढली असती.

ठरलं ते असं: पट्टा काढायचा. पंधरा दिवस अजिबात बांधायचा नाही. औषध चालू. सोळाव्या दिवशी दवाखान्यात एकदाच मोजायचं. साठच्या खाली असेल तर गुडघा राहील. नसेल तर त्याच आठवड्यात काढायचा. मधले पंधरा दिवस काहीच कळणार नव्हतं.

वैजंताचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती गोठ्यात होती. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. न थांबता, बहुधा चुकीच्या क्रमाने. म्हशीसुद्धा माझ्याकडे बघत होत्या.

"म्हंजे मी पट्टा काढायची म्हून आक्कांचा पाय टिकला?"

"हो."

"आनि तुमी मला त्याच पायापायी काढली?"

"हो."

ती शेणाचे हात तसेच ठेवून माझ्यासमोर आली. "साबण आणलाय का मास्तर, का घरचाच वापरू?"

तिने बादलीत हात बुडवले. "माफी बिफी ऱ्हाऊ दे. येते मी. आक्कांसाठी. पर कडी आतनं लागणार, आधीच सांगते."

"लागू दे."

"आनि तुमी दाराला कान लावायचा न्हाई."

पंधरा दिवस मी कान लावला नाही. पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो. आतून काचा वाजायच्या, मग एकदम ओरडा, "हाललं, आक्का, हाललं! मी बगितलं!" आणि उज्ज्वला म्हणायची, "डोळे तपासून घे." फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवला होता. तरी हात खिशाकडे जायचा. गुडघा लाल दिसतोय का, ती सकाळी कण्हली का, वैजंता काही लपवते आहे का, हे सगळं डोक्यात चालूच होतं. पण विचारायचो नाही. न विचारल्यावर संशय लगेच मरत नाही. थोडा मात्र थकतो.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टा बांधला. उज्ज्वला टेबलावर, मी खुर्चीत, वैजंता दाराशी.

आकडा एकदम एकशे बासष्टवर गेला.

"अगं बाई!" वैजंता म्हणाली.

"थांबा," मी म्हणालो. "ही उडी आहे. साठलेली राख."

एकशे चाळीस. एकशे अठरा. एक मिनिट गेलं. सत्त्याण्णव. शहाऐंशी. मग तो तिथेच घुटमळला. मी पडद्याकडे बघत होतो आणि उज्ज्वला माझ्याकडे. एकोणऐंशी. बहात्तर. चौथं मिनिट. चौसष्ट. एकसष्ट.

अठ्ठावन्न.

"साठच्या खाली," डॉक्टरांनी श्वास सोडला. "आणि अजून उतरतोय. गुडघा राहतो, काकू. आणखी वीसेक मिनिटं थांबलो तर नेमका कुठे टेकतो ते कळेल. काका, थांबायचं?"

वीस मिनिटांनी फार काही बिघडलं नसतं, हे मलाही कळत होतं. कदाचित तीस दिसले असते, कदाचित पंचावन्न. मी वहीत लिहून घेतलं असतं, तारीख घातली असती.

मी उठलो आणि पट्टा सोडला. गुणगुण थांबली. पडद्यावर अठ्ठावन्नच्या पुढे सरळ रेघ निघाली.

उज्ज्वलाने गुडघा दोन्ही हातांनी धरून हळूच वाकवला. "झाली तुमची खात्री?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि तिला उतरायला हात दिला.